तानसेकाठचा बगळा

अकलोलीला आम्ही गेलो ते माझ्या गुडघ्यांसाठी. कॅमेरा बरोबर घेतला, तो मात्र त्याचा निरोप घेण्यासाठी! साठी उलटल्यापासून माझा उजवा हात थरथरू लागला आहे. ज्याच्या हातात चहाची बशी वाजते, त्याने पाखरांचे फोटो काय काढावेत? परत आल्यावर कॅमेरा पुतण्याला देऊन टाकायचा, असे मी ठरवले होते.

वसईहून एस.टी.ने वज्रेश्वरी गाठली. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर देऊळ बांधवले, असे सांगतात. दर्शन घेऊन आम्ही जवळच्या अकलोलीला मुक्कामाला गेलो. तानसा नदीच्या काठी इथे कढत पाण्याची कुंडे आहेत. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे आम्ही तिथे पोचलो, तेव्हा पाण्यावर वाफ तरंगत होती आणि गंधकाचा वास नाकात शिरत होता. सौभाग्यवती कुंडात पाय सोडून बसली. मी नदीकडे वळलो.

तेवढ्यात पात्रावरून बगळ्यांची एक ओळ संथपणे निघाली. उजेड इतका अपुरा, की सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो घेणे अशक्यच. तसा एक बगळा आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. त्याची पिसे मोजून घ्यावीत! पण तो पाहून सौ. म्हणाली होती, “अहो, हा उडतोय, की दोरीला टांगलाय?” दोन वर्षे ते वाक्य मला सलत होते.

आणि मला अर्न्स्ट हास आठवला. १८७८ साली मायब्रिजने धावता घोडा कॅमेऱ्यांच्या रांगेपुढे जणू थांबवून दाखवला, तेव्हापासून गती गोठवणे हाच छायाचित्रकारांचा पुरुषार्थ ठरला. या हासने उलटे केले. स्पेनमधल्या बैलझुंजीची त्याची रंगीत चित्रे १९५७ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात आली. त्यांत बैल आणि माणूस रंगांच्या फटकाऱ्यांसारखे वाहत होते. पडदा मुद्दामच सावकाश उघडा ठेवलेला!

म्हटले, जाता जाता हेही करून पाहावे. सेकंदाचा पंधरावा भाग लावला. कोपरे बरगड्यांशी घट्ट धरली, पाय रोवले आणि कमरेतून वळत बगळ्याबरोबर कॅमेरा फिरवू लागलो. यातली मेख अशी, की पाखरू समोरून आडवे जायला हवे आणि बटण दाबल्यावरही आपण वळतच राहायला हवे. मग पाखराची नि कॅमेऱ्याची चाल जुळते, डोके बरेचसे स्पष्ट उमटते. पंख मात्र वरखाली होत असल्याने पुसट होतात आणि मागची झाडी आडव्या रेघांची होऊन जाते. खंड्याच्या नादी मी लागलो नाही. तो बाणासारखा सुटतो. नवशिक्याने बगळाच धरावा.

ऊन वर आले, तसा कॅमेऱ्यात उजेड फार शिरू लागला. छिद्र लहान केले, आय.एस.ओ. खाली आणला, आणि चालू ठेवले.

हाताची थरथर काही गेली नाही, हे कबूल केले पाहिजे. त्रेसष्ट फोटोंपैकी साठ निव्वळ खिचडी होते. काहींत बगळाच नव्हता! पण उरलेल्या तिनांपैकी एकात डोळा नि चोच ठळक होती आणि पंखांच्या जागी नुसती पांढरी झुळूक.

मी तो भीत भीत सौ.पुढे धरला. ओले हात पदराला पुसत तिने पाहिला आणि एकदम म्हणाली,

“अगंबाई! हा निघाला की हो!”

गुडघे अजून दुखतात. पुतण्याला मात्र थोडे थांबावे लागणार आहे.