चवदार तळ्याचे पाणी आणि सावित्रीचा गाळ

दरवर्षी २० मार्चला आम्ही सहकुटुंब महाडला जातो. क्रांतिभूमीला वंदन करायचे, चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरायच्या, पुस्तकांच्या दुकानांतून फिरायचे आणि मुक्कामाला खाडीकाठच्या गावी आत्याकडे जायचे, हा आमचा ठरलेला परिपाठ.

आत्याच्या हातच्या निवट्यांच्या कालवणाची आमच्या मुलांना भारी ओढ. पूर्वी ओहोटी लागली की आत्या स्वतः चिखलात उतरून निवट्या धरायची. गेल्या खेपेस मात्र पानात सुकट आली. मुले हिरमुसली. आत्या म्हणाली, "आता त्या चिखलात पाय घालवत नाय रे. नि घातला तरी त्यातलं पोरांना खायला घालावंसं वाटत नाय."

त्याच दिवशी आतेभावाने दारात गाळाची ट्रॉली ओतून घेतली होती. जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडला नदीतला गाळ उपसण्यात आला, हे सर्वांना ठाऊक आहे. असा गाळ फुकट मिळाला म्हणून त्याने तो भाजीच्या वाफ्यांसाठी आणला. "दादा, गाळ म्हणजे शेताचं सोनं," असे तो म्हणाला. आपले वाडवडीलही असेच म्हणत. पण तेव्हाचा गाळ आणि आजचा गाळ एकच आहे काय?

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीला मिळते. वर जंगल तुटले, रस्त्यासाठी डोंगर कापले की पावसाबरोबर माती सुटते. खाली भातशेतीतील खते व औषधे येतात, गावाचे सांडपाणी येते. महाडला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. म्हणजे काठावरच्या जमिनीवर माणूस जे जे करतो, ते नदीच्या तळाशी लिहिले जाते. शिसे, क्रोमियम, पारा यांसारखे धातू पाण्यात आले तर ते बारीक चिकणमातीच्या कणांना चिकटतात. जाड वाळूला ते त्या मानाने कमी चिकटतात. पुढे भरतीचे खारे पाणी लागले की हे बारीक कण एकमेकांना धरून तळाशी बसतात. म्हणून वरून पाणी स्वच्छ दिसले तरी खाडीचा चिखल स्वच्छ असेलच असे नाही. धातू कुजत नाहीत, जळत नाहीत. पूर आला किंवा यंत्राने तळ उकरला की ते पुन्हा वर येतात.

जपानमधील मिनामाता गावाची हकीकत वाचकांनी ऐकली असेल. कारखान्याचा पारा समुद्रात गेला, मासळीतून माणसांत आला आणि १९५६ साली तो आजार जगाला कळला. पारा सोडणे १९६८ साली थांबले, तरी तळाचा गाळ काढून बंदिस्त करण्याचे काम १९७७ पासून १९९० पर्यंत चालले. तिथेही आधी भोगले ते मासळीवर जगणाऱ्या गरीब कुटुंबांनी.

सावित्रीच्या त्या ट्रॉलीत विष होते, असे आम्ही म्हणत नाही. आम्हाला ते ठाऊक नाही, आणि दुखणे नेमके हेच आहे. आम्ही दोघे भाऊ मूठभर गाळ पिशवीत घालून एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितले, "खताचे घटक तपासून देऊ. शिसे, पारा इथे पाहत नाहीत." शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात. त्यांत जस्त आहे, तांबे आहे, पण शिसे नाही आणि पाराही नाही.

परतताना मनात १९२७ साल घोळत होते. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्याले, तर तळे बाटले म्हणून १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' केले गेले. माणसाच्या स्पर्शाने कोणतेही पाणी कधी बाटले नाही. पाणी खरोखर कशाने बाटते, ते आज विज्ञान सांगते. त्यासाठी मात्र कोणी घागर उचलत नाही. आणि बहुतेक गावांत आपली वस्ती प्रवाहाच्या खालच्या अंगाला आहे, हेही विसरून चालणार नाही.

भिक्खूंच्या विनयात पाण्यात थुंकू नये असासुद्धा नियम आहे. ज्या धम्माने पाण्याची एवढी काळजी घेतली, त्याच्या उपासकांनी गप्प बसावे काय?

शेवटी आत्यानेच निकाल दिला. "तपासल्याबिगर माझ्या वाफ्यात तो नको." गाळ अजून कुंपणाकडेला पडून आहे. भाऊ थोडा नाराज आहे, पण त्याने ग्रामसभेत अर्ज दिला आहे की गाळ कोणत्या जागेचा ते लिहून द्यावे आणि धातूंची तपासणी व्हावी.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या गावी नदीचा गाळ फुकट मिळत असेल तर घेण्याआधी एवढे विचारा : हा कुठून काढला? नाल्याच्या तोंडाजवळचा असेल तर भाजीत आणि मुलांच्या अंगणात टाकू नका. उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. पाणी पिण्याचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. ते पिण्याजोगे ठेवणे आपल्याकडे आहे.

जयभीम!