सिस्टरने काढलेली खूण

दोहाच्या उन्हात लघवी लालसर दिसली तेव्हा मला वाटलं, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी घेतलं, सब्जा भिजवला. आग नाही, कळ नाही, म्हणून दोन महिने तसेच काढले. न दुखता पडणारं रक्त हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं नेहमीचं पहिलं लक्षण आणि सिगारेट त्याचं मोठं कारण, हे हमद जनरल रुग्णालयात कळलं. मी ३० वर्षं ओढत होतो. गाठ स्नायूत शिरली होती. मूत्राशयच काढायचं ठरलं.

मग लघवीला वाट कुठून? डॉक्टरांनी कागदावर दोन चित्रं काढली. एकात लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन दोन्ही मूत्रनलिका त्याला जोडायच्या, त्याचं तोंड पोटावर काढायचं आणि तिथे पिशवी लावायची. ब्रिकर नावाच्या अमेरिकी सर्जनने १९५० मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सर्रास वापरतात. दुसऱ्यात हातभर आतडं शिवून आतच नवं मूत्राशय करायचं. पिशवी नाही, पण ते भरल्याचं पूर्वीसारखं कळत नाही, रात्री गजर लावून उठावं लागतं, काहींना स्वतःच नळी घालावी लागते.

सोवळ्यात वाढलेला मी. अंगावर लघवीची पिशवी या कल्पनेनेच रडलो.

स्टोमाच्या, म्हणजे पोटावरच्या त्या तोंडाची काळजी घेणाऱ्या, सिस्टर केरळच्या होत्या. त्यांनी रिकाम्या पिशवीत पाणी भरलं, माझ्या पोटावर चिकटवली. "भैया, दो दिन पहन के देखो." मी तशीच घेऊन अल वक्राला कामाच्या साइटवर गेलो, गाडी चालवली, खोलीवर मांडी घालून जेवलो. कुणाला कळलं नाही. बायको सांगलीत, मी एकटा. रात्रीचे गजर मला झेपणार नव्हते. मी पिशवी निवडली. सिस्टरनी आपलं मत एकदाही सांगितलं नाही.

मग पिशवीची जागा ठरवायला त्यांनी विचारलं, "पूजा में कैसे बैठते हो? दिखाओ." मी फरशीवर बसलो, वाकून नमस्कार केला. पोटाला घडी कुठे पडते ते बघून त्यांनी बेंबीच्या उजवीकडे, पट्ट्याच्या खाली पेनाने खूण केली. नमाजी पेशंटना त्या त्याच फरशीवर सजदा करायला लावत.

आज सांगलीत देवापुढे वाकतो, पिशवी जागची हलत नाही. दोहा सोडताना त्यांना पेढे द्यायला गेलो होतो. पेढे बाजूला ठेवून त्यांनी आधी शर्ट वर करायला लावला आणि कातडी कुठे लाल झालीय का ते वाकून पाहिलं.