कोरियन शिकताना मराठी सोबत ठेव

पुणे

प्रिय सोनू,


तू पाठवलेली यादी वाचली. अ‍ॅप, यूट्यूबच्या वाहिन्या, पुस्तकं, पॉडकास्ट, आणि खाली प्रश्न: ‘मावशी, यातलं नेमकं काय घेऊ?’ त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती या साधनांपैकी एकातही लिहिलेली नाही. यातलं जवळजवळ सगळं इंग्रजी बोलणाऱ्यांना समोर ठेवून तयार झालंय. त्यांना जे जड जातं तिथे पानंच्या पानं खर्ची पडतात, आणि आपल्याला जे जड जातं ते चार ओळींत आटोपलेलं असतं. म्हणून कोणतं पुस्तक यापेक्षा, त्यातलं कोणतं पान भराभर उलटायचं आणि कुठे मुक्काम करायचा, हे कळणं महत्त्वाचं.

उलटायची पानं आधी सांगते. ‘क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं’ हे समजावायला सगळी पुस्तकं फार कष्ट घेतात. ‘मी सकाळी घरी भात खाल्ला’ हे वाक्य तू शब्दामागून शब्द ठेवत कोरियनमध्ये नेऊ शकतेस, क्रम जराही बदलावा लागत नाही. प्रत्ययही आपल्यासारखेच नामाच्या मागे लागतात. उलट आपल्याकडे ‘घर’चं ‘घरात’ होताना सामान्यरूप आडवं येतं, तिथे नाम जसंच्या तसं राहतं. क्रियापदाला लिंग नाही, वचनाची कटकट नाही.

आणि संयुक्त क्रियापदं! ‘मॉगॉ’ म्हणजे खाऊन, ‘बोदा’ म्हणजे पाहणं. ‘मॉगॉ बोदा’ म्हणजे खाऊन पाहणं. ‘बॉरिदा’ म्हणजे टाकून देणं. ‘मॉगॉ बॉरिदा’ म्हणजे खाऊन टाकणं. ‘जुदा’ म्हणजे देणं, आणि ‘लिहून देणं’ तिथेही लिहून ‘जुदा’च. इंग्रजीतून शिकवणारं पुस्तक यातल्या एकेका जोडीवर वेगळा धडा काढतं. तू फक्त मराठी वाक्य मनात आण आणि पुढे सरक. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की, त्या आठवड्यात भेटेल त्याला मी ते सांगत सुटले होते.

आता मुक्कामाच्या जागा. पहिली उच्चारांची. आपल्याकडे त, थ, द आहेत, म्हणून आपण निर्धास्त असतो. कोरियनमध्येही तीन आहेत, पण ते हे तीन नव्हेत. मुलगी, मुखवटा आणि चंद्र या तिन्हींचे शब्द फक्त पहिल्या व्यंजनाने वेगळे होतात. मुलगीतला आवाज आपल्या ‘त’च्या जवळचा, पण घसा आवळून काढलेला. मुखवट्यातला ‘थ’. चंद्रातला मात्र धड ‘त’ नाही, धड ‘द’ नाही. शब्दाच्या सुरुवातीला तो सैल, थोड्या श्वासासकट येतो आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडला की ‘द’ होतो. आजच्या सोलच्या बोलीत तर सुरावरूनही फरक कळतो: चंद्र खालच्या पट्टीत, मुखवटा वरच्या. हे वाचून येत नाही. ‘नेव्हर’ या संकेतस्थळाच्या शब्दकोशात प्रत्येक शब्द ऐकता येतो, तिथे हे तिन्ही आलटून पालटून ऐक, आणि डोळे मिटून ओळखता येईपर्यंत पुढच्या धड्याला हात लावू नकोस.

लिपीला मात्र घाबरू नकोस. राजा सेजोंगने 1443 मध्ये हंगुल तयार केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. आज तिची मूळ अक्षरं 24 आहेत. ‘न’चं अक्षर म्हणजे वर टेकलेल्या जिभेचा आकार, ‘म’चं म्हणजे तोंडाचा. व्यंजनांची विभागणीही जीभ, ओठ, दात, कंठ अशी उच्चारस्थानांवरून केलेली आहे; कंठ्य-दंत्य-ओष्ठ्य पाठ केलेल्या मुलीला ती लगेच आपली वाटेल. लिहिलेलं आणि बोललेलं वेगळं पडतं तिथेही शाळेतला संधी आठव. ‘गुक’ आणि ‘मुल’ मिळून सूपच्या पाण्यासाठीचा शब्द होतो. लिहायचं ‘गुकमुल’, म्हणायचं ‘गुङमुल’. वाक् अधिक मय, वाङ्मय. नियम तोच! फक्त हंगुलखाली देवनागरी लिहायची सवय लावू नकोस. या पत्रात मी लिहितेय ते समजावण्यापुरतं. कोरियनमधले कितीतरी स्वर आपल्या अक्षरांत बसतच नाहीत.

दुसरा मुक्काम आकड्यांचा. अंक दोन संचांत आहेत, एक मूळ कोरियन आणि एक चिनीतून आलेला. तास पहिल्याने मोजतात, मिनिटं दुसऱ्याने. तीन वाजून तीन मिनिटं म्हणजे ‘से शी साम बुन’. एकाच वेळेत तीनसाठी दोन शब्द. कारखान्यात पाळीची वेळ सांगताना नवे दुभाषी इथेच अडखळतात, हे मी रांजणगावला कामावर रोज पाहते.

तर साधनं. कणा म्हणून एकच पुस्तक घे: डाराकवॉनचं ‘कोरियन ग्रामर इन यूज’, प्रारंभिक भाग. व्याकरण नीट मांडलंय, उदाहरणं भरपूर आहेत. पैसे खर्चायचे नसतील तर किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन धडे मोफत आहेत, आणि तेही उत्तम. शब्दांसाठी कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा ‘मूलभूत कोरियन शब्दकोश’ वापर: सुमारे 50,000 शब्द, सोपे अर्थ, उदाहरणं, उच्चार. मराठी अर्थ त्यात नाहीत, ते तुझ्या वहीत तूच लिही. ‘टॉक टू मी इन कोरियन’ ऐकायला चांगलं. ड्युओलिंगो मी तरी घेणार नाही. ते सराव करून घेतं, पण ‘का’ हे सांगत नाही.

मालिका बघ, जरूर बघ. पण तिथली मित्रमैत्रिणींची भाषा ‘अरे-तुरे’ची असते, ती साहेबांसमोर चालत नाही. तू, तुम्ही, आपण यांतला फरक तुला उपजत कळतो, ही मोठी शिदोरी आहे. मात्र कोरियन माणूस वरिष्ठाला ‘तुम्ही’सुद्धा म्हणत नाही; हुद्द्याला ‘निम’ जोडून हाक मारतो. हे बातम्या आणि मुलाखती ऐकून कानात बसतं. अगदी सुरुवातीला लहान मुलांचं ‘पोरोरो’ लाव; वाक्यं छोटी आणि स्पष्ट असतात.

तोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेबद्दलही विचारलं होतंस. पहिल्या टप्प्यात ऐकण्याचे 30 आणि वाचनाचे 40 प्रश्न, एकूण 200 गुण. 80 मिळाले की पहिली पातळी, 140 ला दुसरी. जुन्या प्रश्नपत्रिका आवाजासह अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यांच्यापुढे विकतचे संच घेण्यात अर्थ नाही. पण या टप्प्यात लेखन नाही, बोलणं नाही. एकही वाक्य स्वतः न जुळवता प्रमाणपत्र हातात येऊ शकतं. असे उमेदवार आमच्याकडे येतात आणि पहिल्याच बैठकीत गप्प बसतात. त्यांची हुशारी कमी नसते. त्यांच्याकडून कोणी बोलून घेतलेलं नसतं. म्हणून रोज पाच ओळींची रोजनिशी लिही आणि ती तपासणारं माणूस शोध. दिल्लीच्या कोरियन सांस्कृतिक केंद्राचे वर्ग तुला लांब पडतील. असं माणूस मिळेपर्यंत मी आहे.

आजपासून लिहायला लाग. दर रविवारी वहीची पानं फोटो काढून पाठव. मी लाल शाईने दुरुस्त करून त्याच दिवशी परत पाठवीन.

तुझी,
मावशी