पेशंटचं पुढे काय झालं?

वैशाखात मोरिवलीच्या शेतांवर राब भाजायची कामं निघायची. पालापाचोळा, कवळ आणि शेणी महिनाभर आधीच ढिगाने रचून ठेवलेल्या असत आणि त्या ढिगांच्या तळाशी लाल विंचू बसलेला असे. काळ्या विंचवाचं कुणाला फारसं काही वाटत नसे. आकाराने तो मोठा, दिसायला भयंकर, पण त्याचा चावा दिवसभराच्या ठणक्यावर निभावायचा. लाल विंचवाचं नाव मात्र बायाबापड्या हलक्या आवाजात घेत. "इंचू डसला गो!" अशी हाक आली की आधी विचारलं जाई, "काला का लाल?"

मोरिवली तेव्हा अंबरनाथला लागून असलेलं गाव होतं. आज ती अंबरनाथच्या पोटातली वस्ती आहे, आणि बाहेरच्यांना तिचं नाव औद्योगिक पट्ट्यामुळे माहीत असतं. त्या काळी विंचू उतरवणारा माणूस प्रत्येक पाड्यात एखादा तरी सापडे. तो अंगारा लावी, कांदा चोळी, काहीतरी पुटपुटे. दहांतले बहुतेक सकाळपर्यंत बरे होत. एखादा मात्र घामाने न्हाऊन निघे, त्याला उलट्या लागत, हातपाय गार पडत आणि पहाटे तोंडाला फेस येऊन तो जाई. मग लोक म्हणत, त्याची वेळ भरली होती. बरे झालेले सगळे त्या माणसाच्या गुणाला लागत आणि गेलेला नशिबाला. किती जणांना चावला, त्यांतल्या किती जणांना घाम फुटला, घाम फुटलेल्यांपैकी किती वाचले, हे कुणी लिहून ठेवत नव्हतं. लिहिलं असतं तर अंगाऱ्याशिवायही तेवढेच बरे होतात, हे आमच्याच गावाला कळलं असतं.

डॉक्टर होते, नाही असं नाही. दवाखान्यात जाताना घरून काचेची बाटली धुऊन न्यावी लागे. कंपाउंडर मोठ्या बरणीतलं गुलाबी औषध तीत ओतायचा आणि कात्रीने कातरलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवायचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. डॉक्टरांना घरातलं सगळं ठाऊक असे: आजोबांचा दमा, आईची कावीळ, कुठल्या भावाला पेनिसिलिन चालत नाही ते. बाजारात भेटले तर ते थांबून विचारत, "आता जिना चढताना धाप लागते का?" औषध दिल्यानंतर महिन्याने, वर्षाने माणूस कसा आहे, हे त्यांना रस्त्यावरच कळायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर फॉलोअप अगदी पूर्ण होता. पण तो सगळा त्यांच्या डोक्यात होता आणि त्यांच्याबरोबरच गेला. मला आजही याचं वाईट वाटतं. तीस-चाळीस वर्षांत एका माणसाने हजारो लोकांचं आजारपण पहिल्या खोकल्यापासून अखेरपर्यंत पाहिलं आणि त्यातलं अर्धं पानही उरलं नाही.

त्याच काळात, याच कोकणात, एका तरुण डॉक्टरने मात्र लिहायचं ठरवलं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे ते जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर मरत होती आणि पाठ्यपुस्तकात त्यावर कामाचं काही सापडत नव्हतं. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसले. नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, हातापायांचा गारवा हे सगळं तासातासाला टिपत राहिले. त्यातून चित्र उघड झालं. ज्याला नुसतं दुखतं, त्याच्या जिवाला बहुधा धोका नसतो. ज्याला घाम फुटतो, उलट्या होतात आणि हातपाय थंड पडतात, त्याच्या हृदयावर संकट येऊ घातलेलं असतं. आमच्या आज्या-पणज्यांनी हे पाहिलेलंच होतं. फरक इतकाच की बावस्करांनी ते मोजलं आणि १९८२ मध्ये लंडनच्या 'द लॅन्सेट'मध्ये छापून आणलं.

पुढचा प्रश्न होता, विषाने नेमकं होतं काय? लाल विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय त्या ओझ्याखाली थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. पहाटेचा तो फेस याचाच. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी तेव्हा रक्तदाबासाठी बाजारात होती. बावस्करांनी ती या रुग्णांना दिली आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये मांडले. गंभीर झालेल्यांपैकी शंभरात तीसेक जण जिथे दगावत, तिथे मृत्यू अगदी तुरळक झाले. मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं पाऊल. आपल्याच गोळीवर ते समाधान मानून बसले नाहीत. मुंबईच्या हाफकिनचं विंचवाचं प्रतिविष गोळीच्या जोडीला दिलं तर काय होतं, हे त्यांनी ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून तपासलं. प्रतिविष आणि गोळी दोन्ही मिळालेले सरासरी ८ तासांत सावरले, नुसत्या गोळीवरच्यांना १८ तासांच्या आसपास लागले. हा अभ्यास २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. ना मोठी प्रयोगशाळा, ना परदेशी अनुदान. खाटेशेजारचं स्टूल, घड्याळ आणि वही, एवढ्यावर हे उभं राहिलं.

क्षयाचीही तीच गोष्ट. माझ्या लहानपणी घरातल्या कुणाच्या थुंकीत रक्त दिसलं की शेजारी कपबशी वेगळी ठेवू लागत आणि त्या माणसाला सॅनेटोरियमला धाडायची बोलणी सुरू होत. अंबरनाथच्या विम्को किंवा ऑर्डनन्स कारखान्यात कामाला असलेला कर्ता पुरुष वर्षभर घराबाहेर गेला की घर अर्धं मोडायचं. खरं तर १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला होता. जवळपास दोनशे गरीब क्षयरोग्यांतले निम्मे सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच गोळ्या दिल्या. वर्षाने पाहिलं तर दोन्हीकडचे साधारण सारखेच बरे झालेले, आणि घरी राहिलेल्यांच्या बायकापोरांना जास्तीची लागणही नाही. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर सॅनेटोरियमचे दरवाजे हळूहळू बंद होऊ लागले. आमच्या आळीत मात्र वेगळी कपबशी त्यानंतरही कितीतरी वर्षं टिकली. आज क्षयाच्या पेशंटला निक्षय पोर्टलवर क्रमांक मिळतो, त्याच्या गोळ्यांचा हिशेब आरोग्यसेविका ठेवते आणि तो कामावर जातो. त्या बदललेल्या संसारांकडे पाहिलं की मद्रासच्या त्या दोनशे अनामिक लोकांचे आभार मानावेसे वाटतात.

जुन्या दिवसांची ओढ मला आहे, पण त्यातलं सगळंच गोड नव्हतं. मोठ्या रुग्णालयात पेशंटला कसली गोळी देतायत, का देतायत, हे विचारायची तेव्हा कुणाची छाती नसे. कागद पुढे यायचा, अंगठा उमटायचा. आता तसं चालत नाही. औषधाची चाचणी असेल तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, मराठीत माहितीपत्रक द्यावं लागतं, नाही म्हणायचा हक्क समजावून सांगावा लागतो. काही चाचण्यांत तर संमतीचं बोलणं कॅमेऱ्यावर टिपलं जातं. २००९ पासून देशातल्या औषधचाचण्यांची आधी सरकारी नोंदवहीत नोंद करणं सक्तीचं आहे, म्हणजे नको ते निकाल गुपचूप दडवणं अवघड झालं. अंगठा उमटवून परतलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना हे लाभलं नाही, याची खंत वाटते.

आणि तरीही जुन्या डॉक्टरांची बाजारातली ती चौकशी मला राहून राहून आठवते, कारण ती आता कुठे उरलेली नाही. आज मोरिवलीत राबाचे ढीग नाहीत, लाल विंचूही दिसत नाही. शेतं होती तिथे कंपन्यांची पत्र्याची छपरं आणि सात मजली इमारती आहेत. गावात राहणारा निम्मा माणूस बाहेरून आलेला, भाड्याच्या खोलीतला. छातीत दुखायला लागलं की तो आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये, तिथून सरकारी रुग्णालयात, तिथून 'पुढे न्या' म्हणून उल्हासनगरला, कळव्याला नाहीतर थेट मुंबईला जातो. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो, नवीन रक्त काढलं जातं, प्लास्टिकच्या पिशवीतल्या फायली जाड होत जातात. ज्या डॉक्टरने त्याला पहिल्यांदा तपासलं, त्याला हा माणूस वाचला की नाही हे बहुतेक वेळा कळतच नाही. संगणकात रकाना असतो: 'संदर्भित'. त्यानंतर कोरं. लिहिलं खूप जातं, पण एकाच माणसावर शेवटपर्यंत नजर ठेवणारं कुणी नाही. आमच्या डॉक्टरांच्या वेळी हे नेमकं उलटं होतं.

संशोधनाला ही नजरच लागते. परळच्या टाटा मेमोरियलने तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी एक अभ्यास केला. मानेतल्या लसग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की पुढे त्यांत गाठ उद्भवल्यावर, हा प्रश्न होता. ५०० पेशंटांचा तीन-तीन वर्षं माग ठेवल्यावर उत्तर मिळालं: आधीच काढलेल्यांपैकी शंभरात ८० जगले, थांबलेल्यांपैकी ६७-६८. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि अनेक देशांतल्या शल्यविशारदांनी आपली रीत बदलली. त्या पाचशेंत अंबरनाथ-बदलापूरहून पहाटेची लोकल धरून परळला जाणारे कुणी असतील का, असा विचार मनात येतो. ते दर वेळी तपासणीला परत गेले, म्हणून जगाला हे कळलं.

त्याच टाटाच्या इमारतीत साठ वर्षं आधी डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. संघवी यांनी रुग्णांना एक साधी गोष्ट विचारली होती: तंबाखू चघळता का, विडी ओढता का, किती, केव्हापासून? चघळणाऱ्याचा आणि ओढणाऱ्याचा कर्करोग तोंडा-घशाच्या वेगवेगळ्या जागी होतो, हे त्या उत्तरांच्या तुलनेतून १९५५ मध्ये पुढे आलं. लंडनमध्ये डॉल आणि हिल यांनीही असंच केलं होतं. रुग्णालयातल्या लोकांना सवयी विचारून त्यांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातं उघड केलं. डॉल यांना सुरुवातीला संशय होता तो रस्त्याच्या डांबरावर. उत्तरं येऊ लागली तशी त्यांनी आपली सिगारेट सोडली.

२०२४ मध्ये अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शंभर मुलांची पहिली तुकडी आली. माझ्या आठवणीतलं अंबरनाथ कापाकापीसाठी मुंबईला धावणारं होतं. तिथे आता डॉक्टर घडणार, याचा मला मनापासून आनंद आहे. ही मुलं वॉर्डात फिरू लागतील, तेव्हा त्यांच्यासमोर विंचवाचे पेशंट क्वचितच येतील. धाप लागणारे, कातडीवर चट्टे उठलेले, तरुणपणीच किडनी बिघडलेले लोक येतील. त्यांतल्या काहींची आयुष्यं रसायनांच्या, रंगांच्या आणि पॅकिंगच्या कामात गेलेली असतील. त्यांच्या आजाराचा त्या कामाशी संबंध आहे की नाही, हे आज ठामपणे सांगता येणार नाही, कारण कुणी तसं मोजलेलं मला दिसलेलं नाही.

अॅडमिशनच्या कागदावर व्यवसायाचा रकाना असतो. आमच्याकडचा माणूस तिथे उत्तर देतो, "कंपनीत," आणि लिहिणारा लिहितो, 'नोकरी'. कुठल्या खात्यात, भट्टीजवळ की गोदामात, रात्रपाळी किती वर्षं, मास्क मिळायचा का, धाप आधीपासून होती की कामाला लागल्यावर, सुटीत गावी गेल्यावर बरं वाटतं का, हे आणखी पाच-सहा प्रश्न विचारायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मग त्याच माणसाला सहा महिन्यांनी, वर्षाने, तीन वर्षांनी फोन लावून विचारायचं की आता जिना चढताना धाप लागते का. तो नंबर बदलून निघून गेला असेल, तर शेजारच्या खोलीत जाऊन चौकशी करायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते करणाऱ्याचं नाव लवकर कुठे छापूनही येणार नाही. पण शंभर मुलांमधल्या दोघांनी जरी मोरिवलीच्या एकाच गल्लीपासून अशी वही सुरू केली, तरी दहा वर्षांत त्या गल्लीबद्दल जे कळेल, ते आज कुणालाच माहीत नाही.