इंदूरची चावी

माझं माहेर बेळगावचं. तिथे निवडणूक म्हटली की भाषा. घरात कन्नड-मराठी दोन्ही चालायचं, पण मताची वेळ आली की वडील महाराष्ट्र एकीकरण समितीचंच नाव घेत. उमेदवार कसा आहे, कसा बोलतो, हे कुणी विचारायचंही नाही. लग्न होऊन इंदूरला आले तर इथे निराळंच. सासर तीन पिढ्यांचं इंदूरकर, घरात मराठी. पण देवळात भेटणारा समाज बहुतेक हिंदी बोलणारा. त्यामुळे 'आपला माणूस' इथे समाजावरून ठरायचा.

1989 च्या लोकसभेला मात्र घोटाळा झाला. दोन्ही उमेदवार आपलेच निघाले! एकीकडे प्रकाशचंद्र सेठी. आपल्या समाजाचे, राज्याचे मुख्यमंत्री झालेले, देशाचे गृहमंत्री झालेले, आणि तेव्हा इंदूरचे खासदार. दुसरीकडे सुमित्रा महाजन. चिपळूणच्या माहेरवाशीण, इंदूरच्या सून. उपमहापौर होऊन गेलेल्या, पण 1985 च्या विधानसभेला हरलेल्या.

सासूबाईंचा निकाल आधीच लागला होता. "सेठीजी म्हणजे वजनदार माणूस. दिल्लीत नुसते उभे राहिले तरी काम होतं." ताईंबद्दल म्हणाल्या, "बाई चांगली आहे गं, पण रामायणावर प्रवचन करणं वेगळं आणि राज्य करणं वेगळं." शेजारच्या काकूंचं उलट. त्यांना सेठीजींच्या दबदब्याचीच धास्ती. "नळाला पाणी नाही हे सांगायला त्यांच्याकडे जायचं म्हणजे पाय लटपटतात. ताईला जिन्यात गाठून सांगता येतं." आता सेठीजींच्या दारात या काकू कधी गेल्या होत्या, देव जाणे. पण एकाच माणसाचं वजन एकीला आधार वाटत होतं नि दुसरीला दडपण, एवढं खरं.

ताईंची सभा होती त्या दिवशी आम्ही दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि काकूंबरोबर मी गेले. देवळात जाऊन येते असं घरी सांगितलं नव्हतं, पण कुठे जाते हेही सांगितलं नव्हतं. साधी साडी, हिंदीला मराठीचा वास, हातवारे नाहीत. काय बोलल्या ते फारसं आठवत नाही. इंदूरची चावी आता सुनेच्या हाती द्या, असं त्या निवडणुकीत त्यांनी मागितल्याची गोष्ट गावात अजून सांगतात. आमच्या वाड्यात तर ती दुसऱ्याच दिवशी पोचली, आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. कारण लग्नाला सात वर्षं झाली तरी आमच्या घरच्या किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या कमरेला होता. कपाटातलं माझंच लुगडं मला मागून घ्यावं लागे.

सासूबाई मात्र भडकल्या. "चावी मागून मिळते का? द्यायची तेव्हा देतात!"

मतदानाला आम्ही दोघी बरोबरच गेलो. कागदावर शिक्का मारायचे दिवस ते. हात थरथरत होता. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "पंजावरच ना?" मी म्हटलं, "हो."

एवढंसं खोटं. पण संध्याकाळी सामायिकाला बसले तर मन लागेना. मत चुकलं असं वाटत नव्हतं, 'हो' चुकलं होतं. ताई निवडून आल्या त्या दिवशी सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गावाची चावी गेली. घराची अजून माझ्याकडेच आहे." म्हणजे त्यांना कळलं होतं की काय!

आज विचार करते, मी तेव्हा नक्की कुणाला मत दिलं? ताईंच्या पक्षाचा जाहीरनामा मी वाचला नव्हता, सेठीजींनी दिल्लीत काय केलं तेही ठाऊक नव्हतं. मी एका सुनेला दुसऱ्या सुनेचं मत दिलं. सासूबाईंनी कदाचित एका कर्त्या माणसाला, स्वतःसारख्या.

ताई तेव्हापासून सलग आठ वेळा खासदार झाल्या, 2014 ला लोकसभेच्या अध्यक्षही. पण तोवर माझी सून म्हणायला लागली होती, "आई, त्या नुसत्या गोड बोलतात." 1989 ला जो साधेपणा आम्हाला घरचा वाटला, तोच तिला थंडपणा वाटत होता. मुलाला कैलाश विजयवर्गीय आवडायचे. मोठा आवाज, भजनं, गर्दी. एकाच पक्षातले 'ताई' नि 'भाई', आणि आमच्या जेवणाच्या पाटावर त्यांच्यावरून वाद. 2019 ला तिकिटाचं रेंगाळलं तेव्हा ताईंनीच पत्र काढून सांगितलं, मी लढणार नाही. वाचून मला उगाच रडू आलं.

सासूबाईंना मात्र मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. दरवर्षी क्षमावाणीला पाया पडून क्षमा मागायची. एका वर्षी त्या म्हणाल्या, "कशाची, ते तरी सांग."

"सगळ्याचीच," मी म्हटलं.

त्या हसल्या, आणि कमरेचा जुडगा काढून माझ्यापुढे धरला. "कपाटातून नवं लुगडं काढ माझं. आणि परत आणून दे."