वाटाड्याची उलटतपासणी

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता पेण ओलांडून वडखळच्या नाक्याशी आला की त्याला अलिबागचा फाटा फुटतो. या नाक्याच्या आसऱ्याने उभे आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसास उतारवयात सायकलीचा नाद लागलाच, तर त्याला रस्त्यांची वाण पडू नये, असे कोणालाही वाटेल. पेणपासून धरमतरच्या खाडीपर्यंतचा हा मुलूख खारेपाटाचा, मिठागरांचा. चढ म्हणावा तर पोयनाडच्या पुढे कार्लेखिंड येईपर्यंत औषधालाही सापडत नाही. तथापि डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे निघालेला ट्रेलर पहाटेच्या अंधुक उजेडात पाठीमागून येताना ज्याने ऐकला आहे, त्याला सपाट रस्ता आणि सोपा रस्ता या दोन भिन्न चीजा आहेत, हे निराळे सांगावे लागत नाही.

एकट्याने हा ताप सोसण्यापेक्षा जाणत्या वाटाड्याच्या संगतीने एखादा दौरा करावा, असे मनात आले, तेव्हा दोन जाहीरपत्रके हाती लागली. एक दौरा मांडव्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने हरिहरेश्वरापर्यंतचा, त्यावर ‘मध्यम’ असा शेरा; दुसरा पेणच्या पूर्वेकडील डोंगरपायथ्याच्या कच्च्या वाटांचा, जाड चाकांच्या सायकलींवरचा, आणि त्यावर ‘नवशिक्यांसाठी’. आता हे शेरे कोणी, कोणत्या मापाने मारावयाचे, याविषयी सरकारी शिरस्ता माझ्या पाहण्यात नाही. जो तो आयोजक आपल्या पदरच्या गजाने मोजतो, आणि एकाचा ‘मध्यम’ हा दुसऱ्याच्या दप्तरी बिनदिक्कत ‘कठीण’ म्हणून नोंदला जातो. म्हणून शेरा बाजूस ठेवून मी तपशील मागविला.

किनाऱ्याच्या दौऱ्याचा म्होरक्या रोह्याकडचा तरुण होता. मी त्याची परीक्षा घ्यावयास फोन केला, आणि परीक्षा माझीच सुरू झाली. “काका, एका दिवसात तुम्ही जास्तीत जास्त किती गेलात, ते मला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा सायकलीवर बसलात का, तेवढं सांगा.” दोनशे किलोमीटरांची ‘ब्रेव्हे’ नावाची सायकलफेरी साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करणारे धडधाकट गडी त्याने पाहिले होते, परंतु ब्रेव्हेचा स्वार घरी परतून निजतो आणि दौऱ्यातल्या स्वाराला उजाडताच कालच्याच मांड्यांनी नवा चढ चढावा लागतो, हा भेद त्याने मला ज्या अदबीने आणि ज्या बारकाईने समजावून दिला, त्यावरूनच माझा निम्मा निर्णय झाला. गुडघ्यांची कैफियत त्याने विचारली, औषधे विचारली, मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला दात किती तेही विचारले. जो आयोजक पैसे भरण्याखेरीज गिऱ्हाइकाला काहीच विचारीत नाही, त्याच्यापासून चार हात दूर राहावे, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे.

मग मी विचारले : रोज एकूण चढ किती? अंतराचा आकडा पत्रकात ठळक असतो, चढाचा बहुधा नसतोच. आणि कोकणात तर खरा हिशेब चढाचाच. खोपोलीहून खंडाळ्यास नेणारा बोरघाट सुमारे पाचशे मीटर उंच चढवितो आणि त्याचा दरारा सर्वांस ठाऊक आहे. परंतु किनाऱ्याच्या वाटेवर साठ-साठ मीटरांची दहा टेकाडे ओळीने आली, तर बेरीज बोरघाटाहून अधिक भरते आणि घाट चढल्याचा मान मात्र पदरी पडत नाही. सायकलवाले यांना ‘रोलर’ म्हणतात. शिवाय दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही; त्यामुळे देशावरच्या कोरड्या थंडीत आजमावलेली ताकद येथे जशीच्या तशी जमेस धरता येत नाही. शेवटी विचारले, सर्वांत मागे कोण असतो? “मीच,” तो म्हणाला. “पुढं जायला कोणीपण चालतो.”

हे उत्तर किती मोलाचे, ते रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदकडे जाताना कळले. तरणीताठी मंडळी दृष्टीआड झाली होती. मी माझ्या चालीने, सर्वांत हलका गिअर टाकून, प्रत्येक टेकाडाशी सलोख्याची बोलणी करीत होतो, आणि तो मागे काही अंतर राखून, घाई न करता, मी थांबलो तर थांबत होता. सामानाची गाडी पाठीमागे होतीच, पण तीत बसण्याचा आग्रह त्याने एकदाही केला नाही. ‘हवं तेव्हा’ एवढेच म्हणाला, आणि त्यामुळेच मला ती हवीशी झाली नाही. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने गेलो, तेव्हा पुढे गेलेले सारे धक्क्यावर आमचीच वाट पाहत होते. बोटीने सर्वांस एका पंक्तीस बसविले. दिवेआगरहून आरावी-शेखाडीमार्गे श्रीवर्धनकडे जाणारा समुद्रालगतचा रस्ता इतका रम्य आहे की तेथे दमछाकीची तक्रार करणे कृतघ्नपणाचे झाले असते. तरी मी ती थोडी केलीच.

डोंगरपायथ्याचा दौरा पुढे केला आणि तेथे निराळेच शास्त्र दृष्टीस पडले. रस्त्यावर दम लागतो, कच्च्या वाटेवर हात लागतो. सुट्या दगडांच्या उतारावर बूड मागे नेऊन, दोन्ही ब्रेक बेताबेताने दाबीत, नजर चाकाखाली न ठेवता पुढे ठेवणे, ही कला फुप्फुसांत नसते. जर्मन मंडळींनी अशा पायवाटांसाठी शून्यापासून पाचापर्यंत सहा पायऱ्यांची एक प्रतवारी केली आहे, ती सर्वस्वी वाटेच्या अवघडपणाची. स्वाराच्या दमाशी तिला कर्तव्य नाही. आमच्यातला एक ब्रेव्हेवीर गागोद्याच्या बाजूच्या एका मुरमाड उतारावर सायकल हाती धरून चालत आला, आणि शाळेत जाणारा एक स्थानिक मुलगा त्याच्या शेजारून घरंगळल्यासारखा निघून गेला. गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. देशभर पायी हिंडलेल्या त्या पुरुषाच्या गावात सायकल ढकलीत जाणाऱ्यास संकोच वाटण्याचे कारण नाही, असे मी त्याला म्हटले. त्याला ते फारसे रुचले नसावे.

हल्ली मनाली ते लेह या दौऱ्याचे पत्रक टेबलावर पडले आहे. तेथे चढाच्या बेरजेखेरीज उंचीचा जमाखर्च निराळा मांडावा लागतो. तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची दररोज सुमारे पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकाचा दंडक आहे, आणि विसाव्याचे दिवस कोठे ठेवले आहेत ते पाहिल्यावाचून त्या पत्रकावरचा ‘मध्यम’ वाचण्यात अर्थ नाही. आयोजकांनी मुक्कामांच्या उंचीचा तक्ता तत्परतेने धाडला. मागे कोण राहणार, या प्रश्नास मात्र त्यांनी बगल दिली. मी पुन्हा विचारले आहे, आणि तूर्त विसार पाठविलेला नाही.