मेम्फिस : सफाई कामगारांचे आणि गाण्यांचे शहर

अमेरिकेला जाणारे बहुतेक लोक न्यूयॉर्कच्या उंच इमारती पाहून परततात. आम्ही मात्र मिसिसिपी नदीकाठचे मेम्फिस गाठले. टेनेसी राज्यातले हे शहर गाण्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. पण आमची पावले आधी वळली ती लोरेन मोटेलकडे. वरच्या मजल्यावर ३०६ नंबरची खोली आणि समोरच्या कठड्याला पांढऱ्या-लाल फुलांचे चक्र. याच सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. १९९१ पासून येथे नागरी हक्क संग्रहालय आहे.

डॉ. किंग या शहरात कशासाठी आले होते? कचरा उचलणाऱ्या कामगारांसाठी! १ फेब्रुवारी १९६८ रोजी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० काळे कामगार संपावर गेले. त्यांच्या फलकांवर एवढेच लिहिले होते : मी माणूस आहे. पगारवाढ हवीच होती, पण मूळ मागणी ही होती. डॉ. किंग यांच्या हत्येनंतर बारा दिवसांनी पालिकेने युनियनला मान्यता दिली. ते फलक क्लेबॉर्न टेंपल या चर्चमध्ये छापले गेले. ही वास्तू २८ एप्रिल २०२५ रोजी आगीत भस्मसात झाली.

चळवळ गाण्यावाचून चालली नाही. गोळी लागण्याच्या काही क्षण आधी डॉ. किंग वादक बेन ब्रँच यांना रात्रीच्या सभेत आपले आवडते भक्तिगीत वाजवा, असे सांगत होते.

तेथून आम्ही मॅक्लेमोर अव्हेन्यूवर गेलो. जुन्या सिनेमा थिएटरात येथे 'स्टॅक्स' कंपनीचा स्टुडिओ होता. बाहेर काळ्या-गोऱ्यांत भेदभाव, पण आत दोघे एकत्र वाजवत. स्वाभिमान शिकवणारे 'रिस्पेक्ट युवरसेल्फ' हे स्टेपल सिंगर्सचे गाणे १९७१ साली याच कंपनीने काढले. १९७५ साली कंपनी बुडाली, १९८९ मध्ये इमारतही पाडली गेली. २००३ साली त्याच जागी संग्रहालय उभे राहिले.

याच स्टॅक्सचे आयझॅक हेज. लहानपणी कापूस वेचणारा हा गरिबाचा मुलगा मोठा संगीतकार झाला. त्यांनी डेव्हिड पोर्टर यांच्याबरोबर रचलेले १९६६ चे एक गाणे डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारसभांत वाजू लागले. हेज २००८ मध्येच वारले होते. त्यांचे कुटुंबीय कोर्टात गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी ते गाणे वाजवण्यास तात्पुरती मनाई केली. सत्तेला गाणे हवे असते, पण ते रचणाऱ्याच्या घरच्यांना विचारायचे नसते!

अन्याय संपला आहे काय? जानेवारी २०२३ मध्ये याच शहरात टायर निकोल्स या २९ वर्षांच्या काळ्या तरुणाला पाच पोलिसांनी बेदम मारले आणि तीन दिवसांनी तो मेला. ते पाचही पोलीस काळेच होते. आपला माणूस वर्दीत गेला म्हणून व्यवस्था बदलत नाही, हे या शहराला रडत शिकावे लागले. लोकांनी मिसिसिपीवरचा पूल अडवला. २०१५ पासून अशा मोर्चांत केंड्रिक लामार यांचे 'ऑलराइट' घोषणेसारखे म्हटले जाते. चर्चच्या गाण्याची जागा रॅपने घेतली, मागणी मात्र तीच राहिली.

वाचकहो, या काळ्या बांधवांच्या ब्लॅक पँथरवरूनच १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले. झाडू आणि कचऱ्याची गाडी आपल्यालाही परकी नाही आणि जलशांतून जागे होणेही नवे नाही. म्हणूनच मेम्फिसचा तो फलक वाचताना आम्हाला दुभाषा लागला नाही. तुमच्या मुलांना या शहराची गोष्ट अवश्य सांगा.